वाचलेले युनिट कुणाच्या खात्यावर?

महापालिकांना कार्बन कमी करायला पैसे मिळत नाहीत, ही तक्रार मला आता अर्धीच खरी वाटते. गेल्या दहा-बारा वर्षांत कोल्हापूरसारख्या शहराच्या वाट्याला आलेल्या योजनांची नुसती नावे घेतली तरी दम लागतो. २०१५ मध्ये रस्त्यांवरच्या एलईडी दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि अमृत योजना आली. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला आणि त्याच्या यादीत कोल्हापूरचे नाव लागले. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले, २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित-अबंधित निधी ठरला, २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा जाहीर झाली. स्मार्ट सिटीच्या यादीतून कोल्हापूर राहून गेले त्याची हळहळ अजून ऐकू येते, पण त्या यादीबाहेरही पैशाच्या वाटा होत्या. पैसा येतो, वस्तू बसते, फीत कापली जाते, आणि काही वर्षांनी तीच वस्तू दुरुस्तीच्या टेंडरची वाट बघत पडून राहते. असे का होते, आणि इचलकरंजी, सांगली, कागल, जयसिंगपूर अशा आपल्यासारख्याच संस्थांनी पहिला रुपया मागण्याआधी काय ठरवून घ्यावे, याबद्दल इथे लिहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : वाचलेल्या विजेचे पैसे कुणाच्या खात्यावर जाणार हे लेखी ठरल्याशिवाय वीज वाचवण्यासाठी कुणाकडूनही अनुदान घेऊ नये.

आधी पालिकेची वीज जाते कुठे ते पाहू. कार्यालयातले पंखे आणि एसी डोळ्यांवर येतात, म्हणून कामाची वेळ संपल्यावर दिवे बंद करण्याची परिपत्रके निघतात. खरी वीज जाते ती पाणी उचलण्यात, सांडपाण्यात हवा सोडण्यात आणि रस्ते उजळण्यात. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कळंबा तलावाचे पाणी कोल्हापुरात उताराने येई. शहर वाढले, बालिंगा आणि शिंगणापूर इथून नदीचे पाणी उपसावे लागले, आणि पंपाचे बिल शहराच्या मानगुटीवर कायमचे बसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, काळम्मावाडी धरणाचे पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनने कोल्हापूरच्या पुईखडीला पोचले. या योजनेसाठी शहराने कित्येक वर्षे आंदोलने केली आणि तिचे स्वागत रास्तच होते. पण धरणाकाठच्या जॅकवेलमधून पाणी उचलावे लागते ते विजेनेच, आणि योजना सुरू झाल्यावरही वीजपुरवठ्यातल्या व पंपांतल्या बिघाडांनी शहराला कोरडे दिवस दाखवले आहेत. कोल्हापूर महापालिका ही प्रथम पाणी उचलणारी संस्था आहे, बाकीचे सगळे नंतर. तिच्या कार्बनचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

उपशाचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. दहा लाख लिटर पाणी १०० मीटर चढवायला, काहीही वाया न जाता, सुमारे २७२ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम असतील तर ३९० युनिट लागतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने इंपेलर झिजून ती कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली, आणि जुन्या उपसा केंद्रांत असे सापडणे नवलाचे नाही, की आकडा ५४५ वर जातो. समजा, एखादे शहर रोज १० कोटी लिटर पाणी सरासरी ५० मीटर उचलते. चांगल्या आणि झिजलेल्या पंपातला फरक दिवसाला साधारण ७,८०० युनिटचा, म्हणजे वर्षाला २८ लाख युनिटचा होतो. आठ रुपये दर धरला तर सव्वादोन कोटी रुपये. आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा जवळपास दोन हजार टन कार्बनही त्यात आला. शिवाय जलवाहिनीच्या गळतीतून रस्त्यावर वाहून जाणाऱ्या प्रत्येक लिटरवर ही वीज आधीच खर्च झालेली असते. गळती काढणे हे पाणी खात्याचे काम मानले जाते. माझ्या मते ते शहरातले सर्वांत मोठे वीजबचतीचे कामही आहे. आणि गंमत अशी की कोल्हापूरला हा हिशेब शिकवण्याची गरज नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला एक टन धातू वितळवायला किती युनिट गेले हे पाळीगणिक बघतो, कारण त्यावर त्याचा भाव ठरतो. पंचगंगेवरच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदाला पंपाचा हेड आणि एकरी वीजबिल ठाऊक असते. पालिकांच्या अंदाजपत्रकात मात्र ‘विद्युत देयके’ या शीर्षाखाली रुपयांचा एक आकडा छापलेला असतो. दहा लाख लिटरमागे युनिट किती, हे त्यातून कुणालाही कळत नाही.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. अनुदाने येतात ती बहुतेक भांडवली कामासाठी : पंप घ्या, पॅनेल बसवा, दिवे बदला. त्यानंतरची देखभाल महसुली खर्चात मोडते आणि ती पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून करायची असते. नवा पंप बसला आणि वीजबिल वर्षाला सव्वादोन कोटींनी उतरले असे धरा. हे सव्वादोन कोटी कुठे दिसतात? कुठेच नाही. पुढच्या अंदाजपत्रकात पाणीपुरवठा विभागाची विजेची तरतूद तेवढ्याने कमी होते आणि ती रक्कम रस्त्यांच्या खड्ड्यांत, थकलेल्या ठेकेदारांच्या बिलांत किंवा पगारात विरून जाते. ज्या अभियंत्याने काम तडीस नेले त्याच्या हाती पंपाचे बेअरिंग बदलायलाही पैसे उरत नाहीत. म्हणून तो बेअरिंग बदलत नाही, कार्यक्षमता पुन्हा घसरते, बिल पुन्हा चढते, आणि पाच-सात वर्षांनी नव्या अनुदानासाठी नवा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार होतो. यात भ्रष्टाचार असलाच पाहिजे असे नाही. सगळे प्रामाणिक असले तरी हेच घडेल, कारण वीज वाचवणाऱ्या विभागाला आपल्या जमा-खर्चाची रीतच शिक्षा करते.

याला उत्तर परदेशात शोधायला जावे लागते असे नाही, पण जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराचे उदाहरण नेमके आहे म्हणून सांगतो. तिथल्या नगरपालिकेने १९९५ मध्ये पर्यावरण विभागाकडे एक फिरता निधी दिला. एखाद्या शाळेला किंवा जलतरण तलावाला वीज वाचवण्याचे काम करायचे असेल तर हा विभाग बिनव्याजी पैसे पुरवतो, काम झाल्यावर उतरलेल्या बिलातला फरक दरवर्षी त्याच निधीत परत येतो, आणि रक्कम फिटली की पुढची बचत त्या शाळेची. ब्रिटनमध्ये २००४ पासून सॅलिक्स नावाच्या संस्थेमार्फत सरकारी पैशातून नगर परिषदांना याच धर्तीची बिनव्याजी कर्जे मिळाली. एकच पैसा पुन्हा पुन्हा कामाला लागतो, आणि महत्त्वाचे म्हणजे परतफेड मोजायची म्हणून बचतही मोजावीच लागते. आपल्याकडे असा निधी वेगळा ठेवता येणार नाही, सगळे एकाच तिजोरीत जाते, असे मला सांगितले जाईल. ते खरे नाही. परिवहन उपक्रमाचा हिशेब वेगळा असतो, १९७५ च्या कायद्याने वृक्षनिधी वेगळा ठेवला आहे, महिला-बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकातला ठरावीक हिस्सा राखावा लागतो. वेगळे खाते उघडण्याची सवय आपल्या पालिकांना आहे. तो हिस्सा वर्षअखेर इतरत्र वळवण्याची सवयही आहे, हे नाकारत नाही. म्हणूनच ऊर्जा निधीचा वर्षाचा जमा-खर्च अंदाजपत्रकाबरोबर छापण्याची अट पहिल्याच ठरावात घालावी.

बचत मोजायची कशी, यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण फसगत इथेच होते. वीजबिल कमी होण्याचे तीन वाईट मार्ग आहेत आणि तिन्ही सोपे आहेत. पंप बंद पडला, शहराला दोन दिवस पाणी मिळाले नाही : बिल उतरले. रस्त्यावरचे दिवे गेले आणि महिनाभर कुणी बदलले नाहीत : बिल उतरले. तिसरा मार्ग सर्वांत घातक. कसबा बावड्याचे ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असो की दुधाळीचे १७ दशलक्ष लिटरचे, अशा केंद्रांतली मोठी वीज पाण्यात हवा सोडण्यासाठी लागते. कोणत्याही केंद्रात रात्रीचे काही तास हवा सोडणे थांबवले की युनिट घटतात, आणि अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी नदीत जाते. कागदावर कार्बन कमी, पंचगंगेत फेस. म्हणून पालिकेने एकूण युनिटच्या घटीवर कधीही समाधान मानू नये. पाण्यासाठी दहा लाख लिटरमागे युनिट, सांडपाण्यासाठी ठरलेल्या दर्जापर्यंत शुद्ध केलेल्या दहा लाख लिटरमागे युनिट, दिव्यांसाठी प्रत्यक्ष लागलेल्या दिव्यांमागे युनिट, असा सेवेशी बांधलेला आकडा हवा. त्यासाठी पंपावर वीज मीटर आणि वाहिनीवर फ्लो मीटर दोन्ही लागतात, आणि दोन्ही चालू लागतात. काम सुरू होण्याआधीच्या वर्षभराच्या नोंदी नसतील तर नंतरची बचत हा ठेकेदाराचा शब्द ठरतो. ‘माझी वसुंधरा’च्या गुणांकनात अग्नी या घटकाखाली किती दिवे एलईडी झाले, सौरऊर्जेची किती कामे झाली, अशा गोष्टींना गुण आहेत. अभियानाने छोट्या गावांतसुद्धा या विषयाची हवा निर्माण केली, हे श्रेय त्याचेच. तरी बसवलेल्या वस्तूंना गुण मिळाले की लोक वस्तू बसवतात, हेही तितकेच खरे. त्या मानाने पीएम ई-बस सेवेची रचना मला शहाणपणाची वाटते. केंद्राची मदत बस विकत घेण्याला नाही, धावलेल्या किलोमीटरला आहे, आणि ती दहा वर्षे आहे. आगारात उभ्या बसला काही मिळत नाही.

एलईडी दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम वरवर पाहता माझ्याच सूत्रावर उभा होता. पालिकेने सुरुवातीला खर्च करायचा नाही, केंद्राच्या ऊर्जा-कार्यक्षमता कंपनीने दिवे बदलायचे आणि देखभाल करायची, पालिकेने वाचलेल्या बिलातून काही वर्षे हप्ते द्यायचे. दिव्यांनी वीज निश्चित वाचवली. २५० वॉटच्या सोडियम दिव्याच्या जागी त्याच्या निम्म्याहून कमी वॉटचा दिवा आला की ती वाचणारच. घोटाळा पुढे झाला. देशभरच्या पालिकांकडे या हप्त्यांची मोठी थकबाकी साचली, आणि हप्ते थकले की देखभालही सुस्तावते. वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यावर काढून ठेवलेली नव्हती, ती साध्या तिजोरीत होती, आणि साध्या तिजोरीपुढे रोज दहा जण उभे असतात. योजनेत दोष होता असे मी म्हणणार नाही. ज्या पायावर ती उभी राहायची तो पाया पालिकांनी घातलाच नव्हता.

खासगी भांडवलाचे नाव काढले की कोल्हापुरात कुणीतरी टोलची आठवण काढणार, आणि काढलीच पाहिजे. २००८ च्या करारातून शहरातले रस्ते झाले, २०१३ मध्ये टोल बसला, शहर रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारला टोल रद्द करावा लागला. भरपाई अखेर सरकारी तिजोरीतून गेली. यातून अनेकांनी असा धडा घेतला की ठेकेदाराचा पैसा शहरात नकोच. मला तो धडा अपुरा वाटतो. कामाचा दर्जा कोण मोजणार, अपुऱ्या कामाचे पैसे कसे कापणार, पैसे वसूल होईपर्यंतचा हिशेब लोकांना कुठे बघायला मिळणार, हे प्रश्न तेव्हा सही झाल्यानंतर विचारले गेले. ऊर्जेच्या करारात ते सहीआधी विचारता येतात, कारण इथे मोजायचा आकडा मीटरवर दिसतो. हप्ता मोजलेल्या बचतीला बांधावा, मोजणी तिसऱ्या पक्षाने करावी, आणि करार मराठीत पालिकेच्या संकेतस्थळावर असावा. या तीन अटी मान्य नसलेल्या कंपनीला नारळ द्यावा.

पगार वेळेवर देताना ओढाताण, रस्त्यांची ही दशा, आणि तुम्ही कार्बनचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याला माझे उत्तर असे की कार्बन हा शब्द खोडून टाका, माझी हरकत नाही. महावितरणचे बिल तर थांबत नाही. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने आकारणी होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की तो थेट बिलात चढतो, आणि तो सुधारणारे कपॅसिटर हे काही कोटींचे काम नाही. गरजेपेक्षा जास्त मंजूर मागणी ठेवली की न वापरलेल्या मागणीचाही आकार भरावा लागतो. बिल वेळेत भरले तर सवलत, उशीर झाला तर विलंब आकार. या सुधारणांना ना अनुदान लागते ना सल्लागार. बिल नीट वाचणारा एक माणूस लागतो. पगाराची ओढाताण आहे म्हणूनच हे आधी करायचे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख लोकसंख्या असलेल्या शहराच्या पालिकेने पंप बदलले म्हणून पृथ्वीचे तापमान उतरणार आहे काय? उतरणार नाही. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर मजल मारली, नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहराला प्यायला टँकर आणावे लागले. उपसा केंद्राची मोटर, पॅनेल बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर नव्याने घ्यायचा असेल तर तो पूररेषेच्या वर घ्यायचा की खाली, हा निर्णय वीजबचतीच्या त्याच कामात होतो. दोन्ही कामांचे डीपीआर वेगवेगळ्या टेबलांवर फिरले तर कार्यक्षम पंप पुढच्या पुरात बुडेल.

इंदूरचे नाव हल्ली सगळ्याच बाबतीत घेतले जाते, इथेही घेतात. नर्मदेचे पाणी लांबून उपसून आणणाऱ्या त्या शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढून लोकांकडून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूद इथल्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. आपणही काढू, असे म्हणणाऱ्यांनी व्याजाकडे पाहावे : सव्वाआठ टक्के. रोखे घेणारा आधी पतमानांकन बघतो, पतमानांकन करणारा जमा-खर्च बघतो, आणि वाचलेल्या युनिटचा हिशेब नसलेल्या पालिकेला तिथे दाखवायला काही नसते. शिवाय झिजलेल्या पंपाला सौर वीज पुरवणे म्हणजे गळक्या घागरीसाठी मोठी विहीर खोदणे. पॅनेलच्या आधी पंप, पंपाच्या आधी मीटर, हा क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट होतो. फीत कापायला पॅनेल बरे दिसते, एवढाच उलट्या क्रमाचा फायदा.

नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकांनी पाहिला. त्या काळात असा निधी एका आदेशाने उभा करता आला असता, हे खरे. पण आदेशाने उभे राहिलेले पुढच्या आदेशाने मोडते. सभागृहाचा ठराव, स्थायी समितीपुढे दर तिमाहीला मीटरचे आकडे आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र पान, एवढे झाले तर अधिकारी बदलला तरी खाते चालू राहते. सुरुवातीची रक्कम मोठी लागत नाही. अभियानांच्या बक्षिसाचे पैसे आणि एका वर्षातली बिलदुरुस्तीची बचत एकत्र केली तरी एका उपसा केंद्रापुरते काम निघते. त्याच केंद्राची वर्षभराची बचत पुढच्या केंद्राला लावायची. ऊर्जा लेखापरीक्षणासाठी महाऊर्जासारखी राज्याची संस्था आहे. अहवाल मिळाला की त्यातल्या शिफारशींपुढे ‘कोण करणार’ आणि ‘कोणत्या खात्यातून’ हे दोन रकाने मात्र पालिकेने स्वतः भरायचे असतात.

इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, तिच्या रीती अजून घट्ट झालेल्या नाहीत. तिथल्या आणि आसपासच्या नगरपालिकांतल्या नगरसेवकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी दिवे, पंप किंवा पॅनेलचा विषय सभेपुढे आला की किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षी या कामाला युनिट किती लागले, ते कोणत्या मीटरवर मोजले, आणि वाचलेले पैसे कोणत्या खात्यावर जमा होणार. तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत विषय तहकूब ठेवा.